प्रस्तावना : क्लच केबल, तुटण्याआधी

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मोटारसायकल ही हौसेची चीज उरलेली नाही, याला आता बरीच वर्षं झाली. डेअरीवर न्यायची दुधाची किटली, गुरांसाठी आणायचा वाड्याचा भारा, खताची गोणी, शाळेत सोडायची पोरं, दवाखान्यात न्यायचे वडील, रात्रपाळीची लाईट आली की विहिरीवरची मोटार चालू करायला मारलेली फेरी, हे सगळं तिच्याच जिवावर चालतं. दारात ट्रॅक्टर असेल-नसेल, गाडी असतेच. अशी गाडी जेव्हा अडते तेव्हा ती इंजिन बसल्यामुळे क्वचितच अडते. पंक्चर, सैल झालेली चेन, काजळी धरलेला प्लग आणि क्लच केबल, अशी किरकोळ वाटणारी कारणंच माणसाला रस्त्यात उभी करतात. ही पुस्तिका त्यांतल्या शेवटच्या कारणापुरती आहे.

एका केबलसाठी अख्खी पुस्तिका कशाला, असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ आहे. क्लच केबल कधीच एकाएकी तुटत नाही. तुटण्याच्या कितीतरी आधीपासून तिची लक्षणं दिसत असतात. ज्याला ती ओळखता येतात त्याची केबल अंगणात, सावलीत, सवडीनं बदलली जाते. ज्याला येत नाहीत त्याला ती उन्हात, वाहनांच्या रांगेत, किटलीतलं दूध नासायला लागलेलं असताना बदलावी लागते. घरी केबल बदलण्यात मजुरी वाचते हे खरं, पण ती काही मोठी रक्कम नव्हे. साध्या शंभर सीसीच्या गाडीची केबल शे-दोनशे रुपयांत येते आणि बसवायची मजुरी त्याहून कमीच असते. खरा लाभ हा की कामाची वेळ आपण ठरवतो, केबल ठरवत नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते नीट समजून घेऊ. क्लचच्या प्लेटा स्प्रिंगांच्या दाबानं एकमेकींना घट्ट चिकटून असतात. त्या चिकटून आहेत तोवर इंजिनाचा जोर गियरबॉक्समधून मागच्या चाकापर्यंत पोचतो. डाव्या हातानं लिव्हर ओढली की केबल इंजिनावरचा छोटा आर्म फिरवते, स्प्रिंगा दबतात, प्लेटा मोकळ्या होतात आणि जोर तुटतो. तेवढ्या क्षणात आपण गियर टाकतो. म्हणजे चालवणाऱ्याचा हात आणि इंजिनाचा जोर यांच्यामध्ये एक तारच काय ती असते.

ती तार एकटी मात्र काम करत नाही. आत पोलादी तारांचा पीळ असतो, त्याला आपल्याकडे ‘इनर’ म्हणतात. बाहेर ‘आऊटर’ असतं, म्हणजे पोलादी पट्टीचं वेटोळं आणि त्यावर काळं प्लॅस्टिक. इनर ओढलं जातं तेव्हा तेवढाच उलटा दाब आऊटर सोसतं. आऊटर वाकेल, पण दबणार नाही, यातच सगळी युक्ती आहे. म्हणून केबल हॅंडलच्या वळणातून, टाकीखालून, चेसिसच्या कडेनं कशीही फिरवली तरी एका टोकाची ओढ दुसऱ्या टोकाला पोचते. या रचनेचं पेटंट अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन यांनी 1896 मध्ये ब्रिटनमध्ये घेतलं आणि सुरुवातीला तिचा मुख्य उपयोग सायकलच्या ब्रेकसाठी झाला. त्याआधी ओढ पोचवायची तर सरळ सळ्या लागत. आपल्या गावांतल्या जुन्या काळ्या सायकलींचे सळ्यांचे ब्रेक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, तरी जगातल्या बहुतेक साध्या मोटारसायकलींचा क्लच याच रचनेवर चालतो. आऊटर कुठे चेपलं, फाटलं किंवा त्याचं टोक जागेवरून निसटलं, तर इनर नवंकोरं असूनही क्लच नीट सुटत नाही, याचं कारणही यातच आहे.

आता तुटण्याची जागा बघू. डाव्या हॅंडलची लिव्हर हळूच दाबा आणि तिच्या बुडाशी, खाचेत डोकावा. तिथं इनरच्या टोकाला जस्ताची किंवा पितळेची एक छोटी गोळी बसवलेली दिसेल. कारागीर तिला निपल म्हणतात. लिव्हर ओढताना ही गोळी आपल्या भोकात किंचित फिरायला हवी. ती फिरली तर तार सरळ राहते. धूळ, जुनं ग्रीस आणि गंज यांचा राप साचून गोळी भोकात घट्ट झाली, की फिरण्याचं काम तारेला वाकून करावं लागतं. गोळीच्या तोंडाशी, दोन-तीन मिलिमीटरच्या जागेत, तार प्रत्येक वेळी वाकते आणि सरळ होते. पिळातल्या तारा मग एकेक करून तुटू लागतात. पहिली तुटते तेव्हा काहीच कळत नाही. चार-सहा तुटल्या की लिव्हर जड लागते, थोडी अडखळते, क्लच कालच्यापेक्षा सैल वाटतो. आपण अ‍ॅडजस्टर दोन आटे फिरवून घेतो आणि विसरतो. आठवड्यानं पुन्हा दोन आटे. एखादी तुटलेली तार बाहेर येऊन बोटाला टोचते. इथवर आलेल्या केबलचा भरवसा धरायचा नाही, उरलेल्या तारा फार दिवस तग धरत नाहीत.

हे किती वेळा घडत असेल, याचा साधा हिशोब मांडून बघा. दूध गोळा करणाऱ्या माणसाचे एका फेरीत चाळीस थांबे धरा आणि प्रत्येक थांब्याला पाच वेळा क्लच धरा. एका फेरीत दोनशे, सकाळ-संध्याकाळ मिळून चारशे. वर्षाचे झाले दीड लाखाच्या आसपास. इतक्या वेळा एकाच जागी वाकणाऱ्या तारेनं वर्षभर साथ दिली, तर दोष तिला देता येणार नाही. चाळीस किलोमीटरच्या सरळ रस्त्यानं कामावर जाऊन येणाऱ्याची केबल कितीतरी जास्त टिकेल. म्हणून केबलचं आयुष्य नुसत्या किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. किती वेळा थांबलो, तेही मोजायला लागतं.

या दोन तालुक्यांची जमीन आणि हंगामही केबलची परीक्षा घेतात. मोरगाव, सुपे, उंडवडी हा जिरायत पट्टा. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याचा बारीक फुफाटा लिव्हरच्या खाचेत जाऊन बसतो. तिथं कुणी प्रेमानं ग्रीस भरलेलं असेल तर धूळ त्यातच कालवली जाते आणि पोलादाला घासत राहते. खाली नीरा डाव्या कालव्याच्या भिजणीत आणि इंदापूरकडे उजनीच्या फुगवट्याकाठच्या गावांत दुखणं वेगळं. काळ्या रानातला चिखल, पाटाचं पाणी, आणि गाडी धुवायची ती विहिरीवरच्या मोटारीच्या फोर्सनं. तो फवारा लिव्हरच्या बाजूला लागला की पाणी आऊटरच्या वरच्या तोंडातून आत उतरतं आणि आतच राहतं. बाहेरून गाडी लख्ख दिसते आणि आत इनरला गंज चढत असतो. गाडी धुऊ नका असं नाही, फक्त हॅंडलवर थेट झोत मारू नका. या एका सवयीनं केबल बरीच जास्त टिकते.

मग येतो उसाचा गाळप हंगाम. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, एवढे कारखाने या टापूत आहेत. बारामतीहून इंदापूर साधारण 50 किलोमीटर. काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, निमगाव केतकी अशी गावं घेत जाणाऱ्या या रस्त्याला हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या रांगा लागतात. त्यांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, हाफ क्लचवर गाडी सरकवत राहण्याशिवाय इलाज नसतो. बीडकडून, पाथर्डी-शेवगावकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांचीही आता गाडीशिवाय सोय नाही, आणि फडापासून गॅरेज लांब असतं. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी याच वाटेनं जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, पुढे इंदापूरचा मुक्काम. त्या दिवसांत वारकऱ्यांना पाणी, जेवण, औषधं पोचवणारी गावातली पोरं तासन्‌तास चालण्याच्या वेगानं गाड्या चालवतात. मरायला टेकलेली केबल अशाच दिवशी जाते, कारण अशाच दिवशी तिच्यावर सगळ्यात जास्त ताण असतो. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास, कारखान्यांची धुराडी पेटण्याआधी, एकदा आणि वारीच्या आधी एकदा केबल तपासायची, एवढा नेम धरला तरी पुरे.

केबलशी आपली ओळख काही आजची नाही. बजाजच्या चेतकची विक्री 1972 मध्ये सुरू झाली. त्या स्कूटरमध्ये क्लचबरोबर गियरही डाव्या मुठीतूनच पडत आणि दोन्ही कामं केबलच करत. गवळ्यांनी वर्षानुवर्षं वापरलेल्या एम-80 चंही तेच. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, 1994 मध्ये स्प्लेंडर आली आणि गियर पायाखाली गेले, क्लच मात्र केबलवरच राहिला. खुद्द बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यातून 1999 पासून आपे तीनचाकी बाहेर पडू लागल्या आणि 2012 पासून तिथंच व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागली. आपेच्या हॅंडलवरही क्लचची लिव्हर असते. सीटा भरेपर्यंत थांबत, दर फाट्याला माणसं उतरवत-चढवत जाणाऱ्या आपेवाल्याला केबल म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायची गरज नाही.

यंत्राची भीती वाटावी असा हा मुलूखच नव्हे. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी ऊस आणि साखर कारखाना उभा केला आणि त्यातून वालचंदनगर वसलं. देशात मोटारी बनाव्यात म्हणून प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे हेच वालचंद. पुढे वालचंदनगरच्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रं घडली आणि इस्रोच्या अग्निबाणांचे भागही घडले. आसपासच्या गावांतली शेकडो माणसं तिथं टर्नर, फिटर, वेल्डर म्हणून तयार झाली. ज्या तालुक्यात इतकं अवघड काम हातांनी झालं, तिथल्या घरात दहाचा पाना आणि पक्कड असूनही केबलसाठी गाडी ढकलत न्यावी लागते, याचं मला वाईट वाटतं. हात कमी पडत नाहीत, कमी पडतं ते हे काम आपलं आहे हे वाटणं.

यात गॅरेजवाल्यांशी कसलंही वैर नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ही पुस्तिका ज्यांच्या कामाकडे बघून लिहिली गेली ते गावोगावचे मेकॅनिकच आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये बसून नुसत्या आवाजावरून टायमिंग चेन आणि टॅपेट यांतला फरक सांगणाऱ्या माणसाचा वेळ क्लच प्लेटा, बेअरिंग, इंजिनाचं काम यांत जावा. केबल बदलून घ्यायला आलेल्या पाच गाड्या दारात उभ्या असल्या की इंजिन उघडलेल्या सहाव्या गाडीचा मालक दोन दिवस हेलपाटे घालतो. आपण आपलं काम केलं तर त्यांना त्यांचं करता येईल.

काम कसं करायचं हे पुढच्या प्रकरणांत चित्रांसह आलं आहे, इथं फक्त त्याचा सांगाडा देतो. गाडी डबल स्टॅंडवर, चावी बंद, सायलेन्सर थंड. लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवायचा आणि त्याची खाच लिव्हरच्या खाचेच्या रेषेत आणायची. इंजिनाकडचे नट सैल केले की केबलला ढील मिळते. मग आधी वरची गोळी, नंतर खालचं टोक सोडवायचं. जुनी केबल ओढून काढण्याआधी ती कुठून कशी गेली आहे याचा मोबाइलवर फोटो काढायचा, हे फार महत्त्वाचं. घरी काम करणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. नवी केबल जवळच्या वाटेनं टाकली जाते, मग हॅंडल वळवलं की ती ताणली जाते किंवा सायलेन्सरला, इंजिनाच्या पाकळ्यांना टेकून वितळते. नवी बसवून झाली की हॅंडल डावीकडे आणि उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून बघायचं. केबल कुठे अडली, ताणली किंवा कुठे तिचा टोकदार बाक झाला तर वाट चुकली, पुन्हा सोडवायची.

त्यानंतर येतो प्ले, आणि पुस्तिकेचं सगळ्यात मोठं प्रकरण त्याचंच आहे. लिव्हर हलकेच ओढली की सुरुवातीला ती मोकळी हलते आणि मग जोर लागतो. ही मोकळी हालचाल म्हणजे प्ले. बहुतेक साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिलिमीटर प्ले सांगितलेला असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात बघावा. प्ले जास्त ठेवला तर क्लच पूर्ण सुटत नाही, गियर कडकड आवाज करून पडतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. अजिबात ठेवला नाही तर प्लेटा कायम थोड्या सुटलेल्या राहतात. इंजिन ओरडतं पण गाडी उचलत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि शेवटी प्लेटा जळतात. क्लच ‘टाईट’ हवा म्हणून सगळे आटे आवळून टाकणारे खूप भेटतात. शे-दोनशेची केबल वाचवायला जाऊन ते हजारांच्या प्लेटा घालवतात. सतत दोन बोटं लिव्हरवर टेकवून गाडी चालवण्याची सवयही प्लेटांचं तेवढंच नुकसान करते.

प्ले लावून झाला की इंजिन बंद ठेवून पहिला गियर टाका, लिव्हर पूर्ण दाबा आणि मागचं चाक हातानं फिरवा. ते मोकळं फिरलं पाहिजे. लिव्हर सोडली की अडलं पाहिजे. एवढी खात्री झाल्यावरच गाडी चालू करून अंगणात, मग गल्लीत, मग रस्त्यावर न्यायची. नवी केबल पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, म्हणून आठवड्यानं प्ले पुन्हा तपासायचा.

तेलाबद्दलही दोन शब्द. आपल्याकडे इंजिनातून काढलेलं जळकं ऑईल बाटलीत भरून ठेवायची आणि चेनपासून केबलपर्यंत सगळीकडे घालायची पद्धत आहे. त्यात काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो. केबलच्या आत ते गेलं की वंगण होत नाही, उलट झीज वाढते. आजच्या अनेक केबलींच्या आऊटरमध्ये नायलॉनसारखं अस्तर असतं आणि त्यांना तेल लागतच नाही. अस्तर नसलेल्या केबलला स्वच्छ, पातळ तेलाचे चार थेंब पुरतात. दोन्ही टोकांच्या गोळ्यांना मात्र बोटावर येईल इतकं स्वच्छ ग्रीस जरूर लावावं आणि महिन्या-दोन महिन्यांनी जुनं पुसून नवं लावावं. केबलचं अर्धं आयुष्य या दोन ठिपक्यांवर अवलंबून आहे.

पुस्तिकेची मर्यादाही सांगून ठेवतो. गियर नसलेल्या स्कूटरला क्लचची लिव्हर नसते, विजेवरच्या बहुतेक गाड्यांना क्लचच नसतो आणि काही महाग मोटारसायकलींचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो. त्यांचा विचार इथं केलेला नाही. विजेच्या गाड्या येताहेत आणि यायलाच हव्यात. तरी आज गावात फिरणाऱ्या हजारो स्प्लेंडर, प्लॅटिना, शाईन उद्या भंगारात जाणार नाहीत. त्या थोरल्याकडून धाकट्याकडे, एका गावातून दुसऱ्या गावात, सेकंडहॅंड, थर्डहॅंड अशा अजून कितीतरी वर्षं चालतील, आणि गाडी जितकी जुनी तितकी केबलची काळजी जास्त. रस्त्यातच केबल तुटली तर गाडी घरापर्यंत कशी आणावी हेही शेवटच्या प्रकरणात दिलं आहे, पण तो आणीबाणीचा उपाय आहे. गर्दीत, घाटात किंवा मागं कुणी बसलेलं असताना तो करू नये. त्यापेक्षा लांबच्या प्रवासाला निघणारे जे करतात ते करावं : नवी केबल जुनीच्या शेजारून त्याच वाटेनं टाकून बांधून ठेवावी. जुनी गेली की फक्त दोन टोकं जोडायची राहतात.

ही पुस्तिका ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यापुरती नाही. घरातली जी जी माणसं गाडी चालवतात त्या सगळ्यांनी हे काम एकदा स्वतःच्या हातानं करावं. बारामतीला कॉलेजला येणारी मुलगी, दूध घालायला जाणारी सून, दहावी झालेला पोरगा, कुणीही. लायसन्स मिळण्याच्या वयाआधी गाडी हातात देऊ नये, पण पाना द्यायला वयाची अट नाही. ज्यानं केबल एकदा स्वतः बसवली तो पुढे क्लच जपून धरतो, गाडी ऐकून चालवतो, आणि गॅरेजमध्ये गेला तर काय बिघडलंय ते नीट सांगू शकतो. यंत्र वापरणाऱ्यानं त्याचा निदान एक भाग तरी पुरता ओळखावा, असं मला मनापासून वाटतं, आणि सुरुवातीला क्लच केबलइतका स्वस्त, निर्धोक आणि लगेच गुण दाखवणारा भाग दुसरा नाही.

तेव्हा पहिलं प्रकरण उघडण्याआधी गाडीपाशी जा. लिव्हर दाबा, खाचेतली गोळी फिरते का बघा, तिच्या तोंडाशी एखादी तार उसवली आहे का बघा, प्ले किती आहे ते पट्टीनं मोजा. अ‍ॅडजस्टरचे किती आटे शिल्लक आहेत तेही बघा. जे दिसेल ते कागदावर लिहून ठेवा आणि मग वाचायला बसा. पुढचं सगळं त्या कागदाच्या आधारानं समजत जाईल.